शॉक कोणता, ते विचारा!

पावसाळ्याचे दिवस होते. रात्री साडेआठच्या सुमारास शेजारच्या गावातून एका चाळिशीतल्या शेतकऱ्याला जीपमधून दवाखान्यात आणले. मोटारसायकल घसरून तो मोरीच्या कठड्यावर आपटला होता. बाहेरून पाहिले तर कोपराला खरचटलेले, एवढेच. जीपमधून तो स्वतःच्या पायांनी उतरला. पण चेहरा पांढराफटक पडलेला, अंगाला गार घाम आणि नाडी मिनिटाला १३० च्या घरात. पोटाच्या डाव्या बाजूला हात लावू देईना. आत कुठेतरी रक्तस्राव होतो आहे, हे उघड होते.

मी सलाईन सुरू केले, बाहेर आलो आणि त्याच्या थोरल्या भावाला म्हणालो, "पेशंट शॉकमध्ये आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागेल." एवढे सांगून चिठ्ठी लिहायला आत वळलो.

दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तो काय, जीप परत गेलेली! भाऊ आणि बरोबरची दोन माणसे समोरच्या टपरीवर चहा घेत उभी. ही गोष्ट १०८ ची रुग्णवाहिका सुरू होण्यापूर्वीची आहे. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. नशीब बलवत्तर म्हणून माणूस वाचला. त्याची प्लीहा, म्हणजे पाणथरी, फुटली होती. रात्रीच शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या बाटल्या चढल्या आणि दोन आठवड्यांनी तो घरी आला.

पुढे टाके दाखवायला दोघे भाऊ आले, तेव्हा मी थोरल्याला जरा रागानेच विचारले, "अहो, त्या रात्री जीप का पाठवून दिलीत?"

तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणालात ना, याला शॉक बसलाय म्हणून. आम्हाला वाटलं, पडला म्हणून घाबरलाय. घाबरलेल्या माणसाला रात्रीचं कशाला दामटायचं? म्हटलं, जरा पडू दे, सकाळी नेऊ."

माझा राग तिथेच उतरला. त्याचे काही चुकले नव्हते. त्याला जो शब्द ठाऊक होता त्याचा जो अर्थ गावात चालतो, तोच त्याने घेतला. चूक माझी होती. मी माझा शब्द माझ्या अर्थाने वापरला आणि त्याच्या कानात तो कोणत्या अर्थाने शिरतो आहे, हे पाहायला थांबलो नाही.

एक शब्द, संसार चार

'शॉक' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. तो आपल्या घरात येऊन बसला आहे. ओल्या हाताने बटण दाबले की शॉक बसतो. विजेचे बिल पाहिले की शॉक बसतो. मुलाचा निकाल ऐकून वडिलांना शॉक बसतो. गाडीचे 'शॉकअप' गेले म्हणून आपण मेकॅनिककडे जातो. मनोरुग्णाला शॉक देतात म्हणून आपण कुजबुजतो. आणि अतिदक्षता विभागाच्या दारात उभा असलेला तरुण डॉक्टर घाईघाईत सांगून जातो, "पेशंट शॉकमध्ये गेला आहे."

खरे पाहता आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. मोटारीला धक्का मारतात, भूकंपाचा हादरा बसतो, माणूस दचकतो, बातमीचा धसका घेतो, हाताला हिसका देतो, फणफणून झटकन उठतो. प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. हे सगळे गुंडाळून आपण एका 'शॉक'च्या पोत्यात भरले आणि आता पोत्यात हात घातला की काय हाती लागेल याचा नेम राहिला नाही. बिलाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. दवाखान्यात मात्र बिघडते.

इंग्रजीतही या शब्दाने असाच घोळ घातला आहे. सोळाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता दोन सैन्यांची समोरासमोर टक्कर. अठराव्या शतकात ल द्राँ या फ्रेंच शल्यविशारदाच्या बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि गोळी लागल्यावर शरीराला बसणाऱ्या आघाताला हा शब्द चिकटला. त्याच शतकात, १७४६ च्या सुमारास, हॉलंडमधील लायडन येथे वीज साठवणारी बरणी तयार झाली. तिला हात लावणाऱ्यांना जो दणका बसे, त्यालाही हेच नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात तर एकाच लष्करी इस्पितळात दोन वेगवेगळे 'शॉक' शेजारी शेजारी झोपलेले असत. एका खाटेवर रक्त वाहून गेल्याने गार पडलेला जवान, दुसऱ्या खाटेवर अंगावर ओरखडाही नसलेला, पण थरथर कापणारा, वाचा गेलेला जवान. या दुसऱ्या आजाराला 'शेल शॉक' म्हणत. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो शब्द छापला. पुढे मायर्सच्याच लक्षात आले, की यातले पुष्कळसे जवान तोफगोळ्याच्या स्फोटाजवळ नव्हतेच. नावामुळे निदान चुकत होते. अखेर १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने निदान म्हणून हा शब्द लिहायलाच बंदी केली. शंभर वर्षांपूर्वी जे लष्कराला उमगले, ते आम्हा डॉक्टरांना अजून पुरते उमगलेले नाही.

डॉक्टरांचा शॉक

आता डॉक्टर जेव्हा 'शॉक' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात काय असते ते पाहू. भीतीशी त्याचा संबंध नसतो. विजेशीही नसतो. शरीरातील अवयवांना पुरेसे रक्त, म्हणजेच पुरेसा प्राणवायू, पोचत नाही, अशा अवस्थेला वैद्यकशास्त्र शॉक म्हणते. ही अवस्था लवकर पालटली नाही तर मूत्रपिंड, यकृत, मेंदू एकामागून एक बंद पडू लागतात.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर विहीर, मोटर आणि पाइपलाइन डोळ्यांपुढे आणा. शेताला पाणी पोचत नसेल तर कारणे तीनच. विहिरीत पाणी नाही, मोटर बिघडली किंवा पाइप फुटून पाणी भलतीकडे पसरले.

विहिरीत पाणी नाही, म्हणजे शरीरातील रक्त किंवा पाणी कमी झाले. अपघात, बाळंतपणात जास्त रक्त जाणे, मोठे भाजणे, जुलाब-उलट्या ही त्याची कारणे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले लिटर-दीड लिटर पोटाच्या आत साचू शकते आणि बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. माझ्या त्या पेशंटचे नेमके हेच झाले होते.

मोटर बिघडली, म्हणजे हृदयाची ताकद संपली. मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर हे होते. आपल्या कोकणात लाल विंचवाच्या दंशानेही होते. विंचवाचे विष हृदयावर आणि फुप्फुसांवर आघात करते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रायगडच्या खेड्यांत काम करताना दाखवून दिले आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने त्यातली पुष्कळ माणसे वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पाइप सैल पडले, म्हणजे रक्तवाहिन्या एकदम रुंदावल्या आणि रक्त असूनही दाब उरला नाही. रक्तात जंतू पसरले की हे होते. एखाद्या इंजेक्शनची, औषधाची किंवा गांधीलमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी आली की काही मिनिटांत होते. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय.

डेंग्यूमध्ये रक्तातील पाणी बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपते. येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. डेंग्यूचा धोका ताप चढलेला असताना नव्हे, तर तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरू लागतो तेव्हा जास्त असतो. घरचे म्हणतात, "ताप गेला, आता अंग गार लागतंय, बरं आहे." पण पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हातपाय गार पडले असतील आणि मूल मलूल झाले असेल, तर ते गार अंग बरे होण्याचे लक्षण नव्हे. तो शॉक आहे.

ओळखायचे कसे?

आपले शरीर मोठे धोरणी आहे. रक्त कमी पडले की ते आधी हातापायांचे आणि कातडीचे रक्त तोडते आणि मेंदू, हृदयाला देते. म्हणून हातपाय गार पडतात, चेहरा पांढरा होतो, घाम सुटतो. नाडी जलद होते, श्वास वाढतो, तहान लागते, लघवी कमी होते. माणूस अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलतो आणि मग एकदम शांत पडतो. नातेवाइकांना वाटते, "आता निवांत झोप लागली." ती झोप नसते.

रक्तदाब मात्र बराच वेळ टिकून राहतो. धडधाकट माणसाचे जवळजवळ एक तृतीयांश रक्त गेले, की मगच तो धाडकन खाली येतो. म्हणून "बीपी नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा सांगतो. पेशंटच्या बोटाचे नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. त्याहून जास्त वेळ लागला आणि हात गार असेल, तर घड्याळाकडे पाहायचे नाही, गाडी पाहायची. १०८ ला फोन करा.

तोवर काय करावे? माणसाला उताणे, सपाट झोपवावे. पाय मोडला नसेल, पाठीला मार नसेल, तर पायांखाली उशी देऊन ते फूटभर उंच करावेत. मात्र छाती भरून धाप लागली असेल, हार्ट ॲटॅक किंवा विंचवाचा प्रकार असेल, तर आडवे पाडू नये, टेकून बसू द्यावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. अंगावर घोंगडी घालावी. अपघातातल्या माणसाला चहा, पाणी, ग्लुकोज काहीही पाजू नये. कदाचित लगेच भूल द्यावी लागते, आणि उलटी फुप्फुसात गेली तर नवेच संकट.

जुलाबाच्या पेशंटची गोष्ट याच्या अगदी उलट. तो शुद्धीवर असेल तर त्याला मीठ-साखरेचे पाणी पाजत राहणे हेच औषध. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पिंपांत क्षारसंजीवनी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. शॉक लागण्याआधीच अडवला, तर तो पेलाभर पाण्याने अडतो.

विजेचा शॉक

हा शॉक सर्वांना माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दलचे गैरसमजही जास्त. घरात २३० व्होल्टची वीज येते. चाळीस वॅटचा जुना दिवा पेटायला जेवढा प्रवाह लागतो, त्याहूनही कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. हृदय मग आकुंचन पावत नाही, नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. विजेचा धक्का लागून माणसे जागच्या जागी मरतात ती बहुधा अशी.

म्हणून पहिली गोष्ट, चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला करा. रस्त्यावर तुटून पडलेल्या मोठ्या तारेच्या तर जवळही जाऊ नका, आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. माणूस सुटल्यावर हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दोन इंच खाली जाईल इतके. मदत येईपर्यंत थांबू नये.

काही ठिकाणी वीज 'उतरावी' म्हणून माणसाला मातीत, शेणात पुरून ठेवतात. अंगात वीज साठून राहत नाही. अंगावर वीज पडलेल्या माणसालाही लगेच हात लावता येतो, त्याच्यापासून धक्का बसत नाही. पुरण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याचा जीव वाचवण्याची मिनिटे असतात. आणि ज्याला जोराचा धक्का बसला, तो उठून चालू लागला तरी एकदा त्याची तपासणी करून ई.सी.जी. काढावा. विजेची भाजण कातडीवर रुपयाएवढी दिसते, आत मात्र खोल गेलेली असते. घरात ३० मिलिॲम्पिअरला वीज तोडणारे सर्किट ब्रेकर बसवून घेणे हा यावरचा सर्वात स्वस्त विमा.

गंमत अशी, की थरथरणाऱ्या हृदयाला ताळ्यावर आणायचे साधनही वीजच. १९४७ मध्ये अमेरिकेत डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाची लय बिघडलेल्या १४ वर्षांच्या मुलाच्या हृदयाला थेट विजेचा झटका देऊन त्याला वाचवले. आजही अतिदक्षता विभागात छातीवर यंत्र टेकवून असाच 'शॉक' देतात. तेव्हा "पेशंट शॉकमध्ये आहे" आणि "पेशंटला शॉक दिला" ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईने यातून काय समजायचे?

शॉक ट्रीटमेंट आणि मनाचा शॉक

या शब्दाने सर्वात जास्त नुकसान कोणाचे केले असेल, तर ते मनोरुग्णांचे. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी मेंदूला सौम्य वीजप्रवाह देऊन मानसिक आजारावर उपचार करण्याची पद्धत सुरू केली. त्या काळी भूल न देता ते केले जाई आणि सिनेमांनी तेच दृश्य आपल्या डोळ्यांत कायमचे भरवले. आज रुग्णाला भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देतात. त्याला धक्का जाणवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि ते औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्याला देशात बंदी आहे. अल्पवयीन मुलांना तो द्यायचा तर पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगी लागते. उपचारानंतर काही काळ विसराळूपणा येतो, काहींच्या जुन्या आठवणींत थोडी पोकळी राहते, हे लपवू नये. पण ज्याने अन्नपाणी सोडले आहे, जो जीव द्यायला निघाला आहे, अशा तीव्र नैराश्याच्या रुग्णाला तो अनेकदा मृत्यूच्या दारातून परत आणतो.

तरीही 'शॉक' हा शब्द कानावर पडला की घरचे रुग्णाला उचलून नेतात आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे वळतात. याच्या उलट, दारू पिणाऱ्या किंवा न ऐकणाऱ्या मुलाला घेऊन येऊन "याला दोन शॉक देऊन टाका" म्हणणारे बापही मी पाहिले आहेत. भीती काय आणि शिक्षा काय, दोन्ही त्या शब्दातून आल्या, उपचारातून नव्हे.

उरला मनाचा शॉक. तो खोटा आहे असे कोणी समजू नये. "मुलगा गेल्याच्या बातमीने म्हातारीच्या छातीत कळ आली" हे आपण ऐकतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी अशा एका आजाराचे वर्णन केले. जबर मानसिक आघाताने हृदयाचा खालचा भाग फुगतो आणि अगदी हार्ट ॲटॅकसारखी लक्षणे दिसतात. ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा आकार येतो म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. तेव्हा बातमी ऐकून छातीत दुखू लागले तर "धसका घेतलाय, पाणी द्या" म्हणून बसू नये, ई.सी.जी. काढावा. आणि अपघात, पूर, आग पाहिलेल्या माणसाला महिना उलटला तरी झोप येत नसेल, तेच तेच डोळ्यांपुढे येत असेल, तो आवाजाला दचकत असेल, तर त्यालाही डॉक्टरची गरज आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

मग करायचे काय?

कोणी म्हणेल, शब्दच बदलून टाका. मला ते पटत नाही. कोशातला एखादा जड संस्कृत शब्द आणून ठेवला तर आज निदान चुकीचा का होईना, काही अर्थ लागतो, उद्या तोही लागणार नाही. 'शॉक' हा शब्द राहणारच. पण तो एकटा सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. 'शॉक' म्हणालात की पुढचे वाक्य मराठीत सांगा. "याच्या पोटात रक्त जातंय. बीपी टिकत नाही. एका तासात मोठ्या दवाखान्यात पोचला नाही तर जिवाला धोका आहे. गाडी कोणती आहे? रक्त द्यायला कोण येणार?" एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते. आणि सांगून झाल्यावर समोरच्याला विचारा, "दादा, मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा पाहू." त्याच्या तोंडून आपलेच बोलणे परत ऐकले, की ते पोचले की नाही ते कळते. आम्हाला वेळ नसतो ही सबब खरी आहे. पण त्या रात्री मी जे अर्धे मिनिट वाचवले, त्याचा हिशेब पाऊण तासाने चुकवावा लागला.

आणि वाचकहो, तुम्हाला सांगायचे ते असे. डॉक्टर शॉक म्हणाला की मान डोलावू नका. न समजता मान डोलावण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. डॉक्टरसमोर अडाणी ठरू, ही त्यामागची लाज. ती दाराबाहेर ठेवा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, शॉक कोणता? घाबरल्याचा, विजेचा, की रक्त कमी पडल्याचा? जिवाला धोका आहे का? आम्ही आत्ता काय करायचं?" एवढ्या प्रश्नांना उत्तर न देता कोणताही डॉक्टर पुढे जाऊ शकत नाही.

तो शेतकरी आजही अधूनमधून दवाखान्यात येतो. पोटावर वीतभर लांब व्रण आहे. त्याचा थोरला भाऊही कधी कोणा नातलगाला घेऊन येतो. मी काही सांगू लागलो की तो हात वर करून मला थांबवतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मराठीत सांगा, म्हणजे गाडी थांबवून ठेवायची की परत पाठवायची ते कळंल." सगळे हसतात, मीही हसतो. पण तेव्हापासून बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलताना मी आधी रस्त्याकडे पाहतो, गाडी उभी आहे ना म्हणून.